रंगाचे पोपडे का निघतात, आणि घरातील भिंती व लाकडी चौकटी रंगवण्याआधी काय करावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन वर्षांपूर्वी रंगवलेल्या खोलीत एका भिंतीचे पोपडे निघू लागले आहेत, आणि दाराखिडक्यांच्या चौकटींवर दिलेला पाण्यात मिसळणारा रंग नखाने सोलून निघतो. आता ही खोली स्वतःच्या हाताने पुन्हा रंगवायची आहे, तर जुना रंग पूर्णपणे काढावा लागेल का, आणि या वेळी कोणता रंग घ्यावा? यातल्या दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आहे. डब्यावरचे नाव बदलल्याने तुमची अडचण सुटणार नाही. दोन्ही ठिकाणी दोष रंगाखालच्या थरात आहे, आणि तो थर दुरुस्त केल्याशिवाय कितीही चांगला रंग दिला तरी तो तसाच सुटेल.

असे का होते, हे समजण्यासाठी रंगाचा थर किती पातळ असतो हे लक्षात घ्यावे. एक लिटर रंग दहा चौरस मीटर भिंतीवर सारखा पसरला, तर ओल्या थराची जाडी एक दशांश मिलिमीटर होते; हा साधा हिशेब आहे. त्यातले पाणी उडून गेल्यावर सर्वसाधारण इमल्शनचा, म्हणजे भिंतीच्या पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचा, ३५ ते ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एवढाच थर भिंतीवर उरतो, म्हणजे दोन हात दिले तरी एकूण जाडी साधारण वहीच्या एका पानाएवढीच भरते. हा थर खड्डा भरत नाही आणि भेग सांधत नाही. उलट सुकताना तो आकसतो आणि खालच्या थराला स्वतःबरोबर ओढतो. खाली चुन्याची पूड, पुट्टीचा भुगा, तेलकटपणा किंवा जुन्या रंगाचा सैल पापुद्रा असेल, तर नवा रंग त्याच सैल गोष्टीला चिकटतो आणि तिच्यासकट खाली येतो.

म्हणून खरवडायला सुरुवात करण्याआधी भिंतीवरून पडलेला एक मोठा पोपडा उचलून उलटा करून पाहा. त्याच्या पाठीवर पांढरी पूड असेल आणि ती बोटाला लागत असेल, तर रंग चुन्यावर, जुन्या डिस्टेंपरवर (खडूच्या पुडीच्या स्वस्त रंगावर) किंवा न झाडलेल्या पुट्टीवर दिलेला होता. पाठ स्वच्छ आणि गुळगुळीत असेल, आणि भिंतीवर खाली चकचकीत जुना रंग शाबूत दिसत असेल, तर तो चकचकीत पृष्ठभाग घासून खरखरीत केलेला नव्हता. पोपड्याबरोबर गिलाव्याचे कण किंवा पापुद्रे आले असतील, तर गिलावाच कमकुवत झाला आहे. अशा ठिकाणी बोटाच्या पेराने ठोकून पाहिले की पोकळ आवाज येतो, आणि तेवढा भाग काढून नव्याने भरावा लागतो. आणि पाठीवर किंवा भिंतीवर मिठासारखे बारीक पांढरे स्फटिक दिसले, तर त्याला आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो. ही ओल आहे आणि तिचा बंदोबस्त झाल्याशिवाय रंगाचा डबा उघडूच नये.

ओलीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक मेहनत इथेच वाया जाते. गिलाव्यातले पाणी बाहेर पडताना आपल्याबरोबर विरघळलेले क्षार आणते, पृष्ठभागाशी पाणी उडून जाते आणि क्षार तिथेच स्फटिक होऊन वाढतात. त्या वाढीच्या जोराने रंगाचा थर उचलला जातो. वरून पाणी अडवणारे लेप लावून हे थांबत नाही, कारण पाणी मागून येत असते आणि वाट न मिळाल्यास ते थोडे वर किंवा बाजूला जाऊन फुटते. गळका नळ, बाहेरच्या भिंतीतली चीर, खिडकीच्या कडेचा उघडा सांधा, न्हाणीघराच्या सामाईक भिंतीतली झिरप, जे काही कारण असेल ते आधी शोधावे. ओल भिंतीतून येते की खोलीतल्या दमट हवेमुळे भिंतीवर धरते, हे ओळखण्याचा एक जुना उपाय आहे. हातभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवावा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतले आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतले, आणि मग दुरुस्तीपेक्षा खोलीत हवा खेळती ठेवण्याची गरज अधिक आहे. कारण दूर झाल्यावर सुटलेले क्षार कोरड्या ब्रशने झाडावेत. ते पाण्याने धुतले तर विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. त्यानंतर भिंत सुकायला काही आठवडे लागू शकतात, आणि त्या काळात थांबण्याखेरीज दुसरा इलाज नाही.

नव्या सिमेंटच्या गिलाव्याचेही असेच आहे. तो किमान चार आठवडे मुरू आणि सुकू द्यावा. ताजा गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो, त्याचा सामू (पीएच) १२ ते १३ पर्यंत असतो, आणि अशा भिंतीवर ऑइल प्रायमर (रंगाआधी द्यायचा तेलाचा अस्तराचा थर) किंवा ऑइल पेंट दिला तर तेल आणि अल्क यांची प्रक्रिया होऊन अक्षरशः साबण तयार होतो. रंग मऊ आणि चिकट पडतो व सुटतो. सिमेंटच्या भिंतीवर अल्क सहन करणारा, पाण्यात मिसळणारा प्रायमर वापरावा, तो याच कारणासाठी.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. जुना रंग पूर्ण काढावा लागत नाही. जो घट्ट धरून आहे तो राहू द्यावा, आणि जो सुटणार आहे तो सगळा काढावा. अडचण एवढीच, की कोणता भाग सुटणार आहे हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. भिंतीवर तीन-चार ठिकाणी धारदार पात्याने दोन-तीन मिलिमीटर अंतरावर उभ्या आणि आडव्या पाच-सहा रेघा मारून छोट्या चौकोनांची जाळी करावी, तिच्यावर चांगली चिकटपट्टी घट्ट दाबून बसवावी आणि झटक्याने ओढावी. पट्टीबरोबर एखाददुसरा कण आला तर थर भक्कम आहे. चौकोन भराभर निघून आले, तर त्या भागातला रंग खरवडायलाच हवा. त्याशिवाय ओला तळहात भिंतीवर घासून पाहावा. हाताला पांढरे लागले, तर खाली चुना किंवा डिस्टेंपर आहे, आणि तो पाणी व कडक ब्रशने जितका निघेल तितका काढून, उरलेल्या भुरभुरीत भागावर आत मुरणारा प्रायमर द्यावा लागेल.

खरवडण्याचे काम पोपड्याच्या कडेपासून सुरू करून, पाते सहज सरकायचे थांबेपर्यंत न्यावे. जिथे जुना रंग शाबूत उरतो, तिथे त्याच्या कडेला एक पायरी तयार होते. ही पायरी ८० किंवा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून उतरती करावी, नाहीतर दोन हात रंगानंतरही भिंतीवर नकाशासारखी रेघ दिसत राहते. इथे एक गंभीर सूचना. घर जुने असेल आणि रंगाचे थर कित्येक दशकांपूर्वीचे असतील, तर त्यांत शिसे असण्याची शक्यता असते. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, आणि अनेक देशांत ती त्याहून बरीच उशिरा आली. असे थर कोरडे घासू नयेत आणि जाळूनही काढू नयेत. पृष्ठभाग ओला ठेवून घासावा, जमिनीवर प्लास्टिक अंथरून सगळा चुरा गोळा करावा, श्वासातून धूळ जाऊ नये म्हणून साध्या फडक्याऐवजी सूक्ष्म धूळ अडवणारा मुखवटा वापरावा, आणि काम संपेपर्यंत लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. शंका असल्यास आधी रंगाची तपासणी करून घेणे उत्तम.

खरवडून झाल्यावर भिंत धुवावी. स्वयंपाकघरातला तेलकट थर, दिव्याच्या बटणांभोवतीचे हातांचे डाग आणि कोपऱ्यातली काजळी साबणाच्या कोमट पाण्याने काढून पुन्हा साध्या पाण्याने पुसावी. साबणाचा अंश राहिला तर तोही रंगाला धरू देत नाही. बुरशी असेल तर ती पुसून चालत नाही, मारावी लागते. पातळ केलेले ब्लीच काही मिनिटे ठेवून धुतल्यास काम होते, पण त्यात आम्ल किंवा अमोनिया असलेले दुसरे काहीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतात. पाणी गळून पडलेले पिवळट-तपकिरी डाग, धूर आणि शाईचे डाग यांची गोष्ट वेगळी आहे. हे डाग पाण्यात विरघळतात, त्यामुळे पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे कितीही हात दिले तरी दर वेळी ते वर येतात, आणि माणूस रंगाला दोष देत बसतो. अशा डागावर आधी लाखेचा किंवा टर्पेंटाइनमध्ये मिसळणारा डाग अडवणारा प्रायमर द्यावा. एका हातात प्रश्न मिटतो.

भेगा भरताना त्या आधी थोड्या रुंद कराव्यात, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. केसासारख्या भेगेच्या आत पुट्टी जात नाही, ती तिच्या तोंडावर नुसती पसरते. पात्याच्या टोकाने भेग इंग्रजी व्ही अक्षरासारखी उघडावी, आतली धूळ झाडून कडा किंचित ओल्या कराव्यात आणि मग मसाला आत दाबून भरावा. छत आणि भिंत यांच्या सांध्यातली किंवा वीट आणि काँक्रीट जिथे मिळतात तिथली भेग ऋतूप्रमाणे हलते; तिथे कडक पुट्टी पुन्हा तडकणारच, म्हणून ताणले जाणारे ॲक्रिलिक सीलंट किंवा जाळीची पट्टी वापरावी. खोल खड्डे एकदम न भरता थरांनी भरावेत.

संपूर्ण भिंतीवर पुट्टी ओढावी का, यावर माझे मत थोडे अप्रिय आहे. जुनी भिंत सपाट आणि भक्कम असेल, तर तिच्यावर सरसकट पुट्टी ओढणे म्हणजे आपणच एक नवा कमकुवत थर तयार करणे. मी हे स्वतः भोगले आहे. कामाच्या सुरुवातीच्या काळात एका दिवाणखान्यात जुन्या डिस्टेंपरवर मी हौसेने दोन हात पुट्टी दिली, घासून आरशासारखी केली, आणि काही महिन्यांनी ती छताजवळून दीड हात लांबीच्या तक्त्यांनी सुटून खाली आली. तिच्या पाठीवर डिस्टेंपर जसाच्या तसा होता. भिंत खडबडीत असेल तर पुट्टी द्यावी, पण प्रायमर दिलेल्या भक्कम पृष्ठभागावर, एका वेळी एक ते दीड मिलिमीटरपेक्षा जाड नाही, आणि पहिला हात पूर्ण सुकल्यावर दुसरा. घासण्यासाठी १८० आणि शेवटी २२० नंबरचा पेपर पुरतो. घासताना समोरून प्रकाश न टाकता दिवा भिंतीला लावून बाजूने धरावा. उंचवटे आणि ओरखडे यांच्या सावल्या पडतात आणि जे रंग दिल्यावर सकाळच्या तिरप्या उन्हात दिसले असते ते आधीच दिसते. घासून झाल्यावर भुगा झाडून, मग ओलसर फडक्याने पुसून काढल्याशिवाय प्रायमर देऊ नये. पुट्टी पाणी शोषते. प्रायमर न देता रंग दिला तर भरलेले ठिपके रंग ओढून घेतात आणि कोरडी मळकट बेटे दिसू लागतात. निदान भरलेल्या जागांवर तरी प्रायमर हवाच.

आता लाकडाकडे वळू. तुमच्या चौकटींवर बहुधा आधी ऑइल पेंट होता आणि त्याच्या चकचकीत पृष्ठभागावर पाण्यात मिसळणारा रंग थेट दिला गेला. खात्री करायची असेल तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून खालच्या जुन्या थरावर जोराने घासावा. रंग मऊ होऊन कापसावर आला तर तो पाण्यात मिसळणारा. काहीच आले नाही तर ऑइल पेंट. तुमच्या बाबतीत वरचा नखाने निघणारा थर सगळा काढावाच लागेल, त्यात सवलत नाही. पण त्याखालचा ऑइल पेंट घट्ट असेल तर तो ठेवावा. सोड्याच्या किंवा साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढावा, धुवून सुकवावे, आणि मग १८० ते २२० नंबरच्या पेपरने त्याची चमक पूर्ण जाईपर्यंत घासावे. आधी धुवावे आणि मग घासावे, हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण न धुता घासले की हाताचे तेल पेपरने ओरखड्यांत भरले जाते. त्यानंतर चिकटून धरणारा प्रायमर दिला की त्यावर पाण्यात मिसळणारा रंगही उत्तम टिकतो.

उघड्या लाकडावर पेपर नेहमी रेषांच्या दिशेने चालवावा. आडवा चालवला तर उठलेले ओरखडे रंगाखालून दिसतात. १२० नंबरने सुरुवात करून १८० वर थांबावे. त्याहून फार बारीक घासल्यास पृष्ठभाग इतका गुळगुळीत होतो की प्रायमरला धरायला जागाच उरत नाही. चौकटीच्या धारदार कडा पेपरने एकदा-दोनदा फिरवून किंचित गोल कराव्यात, कारण ओला रंग तीक्ष्ण धारेपासून मागे ओढला जातो आणि तिथला थर सर्वांत पातळ राहतो. चौकटी नेहमी कडांवरच आधी उघड्या पडतात, ते यामुळे. लाकडातल्या गाठींमधून राळ झिरपते आणि काही महिन्यांनी पांढऱ्या रंगावर पिवळी चकती उमटते, म्हणून प्रत्येक गाठीवर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे दोन पातळ हात द्यावेत. खिळ्यांची भोके आणि चिरा प्रायमरनंतर लांबीने (तेलात मळलेल्या पुट्टीने) भराव्यात. कोरडे लाकूड लांबीतले तेल शोषून घेते, मग ती ठिसूळ होऊन निसटते. प्रायमर आधी दिला तर हे टळते. भरताना लांबी किंचित वर ठेवावी, कारण ती आकसते. चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत ॲक्रिलिक सीलंट भरावे. सिलिकोन भरू नये, कारण त्याच्यावर रंग टिकत नाही आणि एकदा लागलेले सिलिकोन पुरते काढणे फार जिकिरीचे असते. या एका फटीने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या रंगानेही पडत नाही.

लाकडावर ऑइल पेंट की पाण्यात मिसळणारा एनॅमल? ऑइल पेंट छान पसरतो आणि ब्रशच्या रेघा स्वतःच मिटवतो, पण त्याचा वास राहतो, दोन हातांमध्ये साधारण एक दिवस थांबावे लागते आणि कमी उजेडात पांढरा रंग पिवळा पडतो. पाण्यातला एनॅमल पांढरा राहतो आणि लवकर सुकतो, पण हात झटपट चालवावा लागतो आणि पहिल्या हातानंतर लाकडाचे तंतू उभे राहतात, ते हलक्या हाताने घासावे लागतात. घरात राहून काम करायचे असेल तर मी आता पाण्यातला एनॅमलच सुचवतो.

क्रमाबद्दल: आधी छत, मग लाकडाची सगळी तयारी, प्रायमर आणि पहिला हात, मग भिंतींचे दोन्ही हात, आणि शेवटी लाकडाचा अखेरचा हात. काही जाणकार लाकूड आधी पूर्ण करतात आणि तेही चुकीचे नाही, पण रोलरचे बारीक शिंतोडे शेवटच्या हाताखाली झाकले जावेत असे मला वाटते. एकाच छटेचे सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करावेत, कारण दोन डब्यांच्या छटेत सूक्ष्म फरक असू शकतो आणि तो नेमका भिंतीच्या मध्यभागी दिसतो. पाणी डब्यावर सांगितले आहे तेवढेच घालावे. पातळ रंग स्वस्त पडतो असे वाटते, पण झाकण्याची शक्ती गेल्यामुळे एक हात वाढतो.

भिंतीच्या कडा ५० ते ६० मिलिमीटर रुंदीच्या ब्रशने काढाव्यात, परंतु एका वेळी एकाच भिंतीच्या, आणि त्या ओल्या असतानाच रोलर त्यांच्यापर्यंत आणावा. चारही भिंतींच्या कडा आधी मारून ठेवल्या तर त्या सुकतात आणि फोटोच्या चौकटीसारखी पट्टी दिसते. गुळगुळीत भिंतीला नऊ ते बारा मिलिमीटर लव असलेला रोलर योग्य. रोलर दाबून रंग पिळून काढू नये. हातभर रुंद पट्ट्यात रंग पसरवून, शेवटी हलक्या हाताने वरून खाली एकाच दिशेने फिरवावा आणि पुढचा पट्टा ओल्या कडेवर चढवावा. भिंत सुरू केली की ती कोपऱ्यापर्यंत संपवूनच थांबावे. अर्धवट सुकलेल्या भागात एखादा केस दिसला म्हणून परत रोलर फिरवण्याचा मोह आवरावा. ती जागा नंतर कायमची वेगळी चमकते. मास्किंग टेप शेवटचा हात अजून थोडा ओला असतानाच तिरपी ओढून काढावी. रंग पूर्ण सुकला असेल तर कडेवर पात्याने रेघ मारून मगच.

दाराच्या झडपेत आधी आतले कोरीव भाग, मग आडव्या पट्ट्या आणि शेवटी उभ्या पट्ट्या रंगवाव्यात, म्हणजे ब्रशचा शेवटचा फटका नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने येतो. दाराची वरची आणि खालची कड सहसा कोणी रंगवत नाही, आणि दार तिथूनच दमट हवा शोषून फुगते. पाच-दहा मिनिटांनी कोपऱ्यांकडे परत पाहावे, कारण ओघळ तिथेच येतात आणि तेव्हाच पुसता येतात.

जवसाचे तेल किंवा तेलाचा रंग लागलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता सोडते आणि बोळा केलेल्या फडक्याला आपोआप आग लागू शकते. ती बाहेर एकेक पसरून सुकवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

रंग हाताला सुकलेला लागतो तेव्हा तो पक्का झालेला नसतो. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाला पूर्ण ताकद यायला तीन ते चार आठवडे लागतात, तोवर भिंत घासून धुऊ नये. दारे पहिले काही दिवस घट्ट लावून ठेवू नयेत, कारण झडप आणि चौकट यांचे नवे थर दाबाखाली एकमेकांना चिकटतात आणि दार उघडताना कड सोलून निघते. रात्री दार लावणे भागच असेल, तर चौकटीच्या खाचेवर किंचित टाल्कम पावडर चोळावी किंवा मेणकागदाची पट्टी मध्ये ठेवावी.